भा. नौ. पो. कयाधू

भिवराबाईची लेक सखू, सखूची लेक मनकर्णा आणि मनकर्णेच्या पोटी केशर. रझाकारांच्या धामधुमीत शेजारीण गाव सोडून पळाली, तेव्हा तिचे डोरले भिवराबाईने चुलीखाली पुरून ठेवले आणि ती परतल्यावर मणी न् मणी तिच्या ओंजळीत मोजून दिला. सखूची गाभण शेळी पाटलाच्या माणसांनी हाकून नेली होती. सखू पाटलाच्या दारात ठाण मांडून बसली आणि करडासकट शेळी घेऊनच उठली. मनकर्णेने धम्मदीक्षेनंतर भर बाजारात नवऱ्याला नावाने हाक मारली आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, मारली. कुरुंद्याची हळद पिकवणारी जाणती माणसे तेव्हापासून म्हणत आली, की या बायकांचा जेठा गड्डाच, बेण्याचा मूळ कंदच, तिखट. त्यातून फुटणारे हळकुंड गोड कसे निघणार?

अशा वाणातली केशरबाई खिल्लारे त्या दिवशी सकाळपासून संतापलेली होती, आणि तिचा संताप म्हणजे भाकरीचा तवा. दिसायला काळा आणि गप्प.

निमित्त तसे आनंदाचे होते. विशाखापट्टणमहून कुरियनचा फोन आला होता. कुरियन म्हणजे तिच्या दिवंगत नवऱ्याचा, नरसिंगचा, जहाजावरचा सोबती. दोघांनी बॉयलरच्या धगीपुढे जवानी काढलेली. त्याने आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितले, की नवी ‘कयाधू’ तयार झाली आहे, पुढल्या महिन्यात मुंबईच्या गोदीत तिच्यावर नौदलाचा झेंडा चढणार आहे आणि जुन्या ‘कयाधू’वरच्या साऱ्यांना बोलावणे आहे. शेवटी त्याने विचारले, भाभीजी, घंटा नीट आहे ना?

केशरबाईने ‘आहे’ म्हणून सांगितले आणि फोन ठेवला. घंटा होती. कुठे होती, हे मात्र तिने कुरियनला सांगितले नाही. सांगायची लाज वाटली, आणि लाज वाटली याचाच तिला अधिक राग आला.

त्यांच्या गावाला वळसा घालून वाहणाऱ्या नदीचे नाव कयाधू. तेच नाव धारण करणारी युद्धनौका आहे, हे नरसिंग नौदलात भरती होईपर्यंत गावात कोणाला ठाऊक नव्हते, आणि त्याने सांगितल्यावरही कोणी मनावर घेतले नाही. पहिली ‘कयाधू’ लहानशी होती, गोऱ्यांच्या कारखान्यात बनलेली. प्रजासत्ताक झाल्यावर तिला हे नाव मिळाले आणि तेव्हाच तिची पितळी घंटा ओतली गेली. ती नौका थकली, भंगारात गेली. काही वर्षांनी दुसरी ‘कयाधू’ आली. ती वाफेवर चालणारी, अंगाने भरलेली, आणि तिच्यावर नरसिंग होता. लोखंड नवे, पण नाव तेच आणि घंटाही तीच. नरसिंग सुटीवर आला की ओसरीत बसून सांगे, जहाज मरते, नाव मरत नाही. एका घाटाच्या चारपाच नौका बांधतात, त्यांचा मिळून एक वर्ग होतो, आणि जी पहिली पाण्यात उतरते तिचे नाव साऱ्या वर्गाला लागते. आपली ‘कयाधू’ तिच्या वर्गात तिसरी, म्हणून वर्गाला नाव भलत्याच नौकेचे, याची त्याला उगाच खंत वाटे. केशरबाईला ते समजावून घ्यायला वेळ लागला नाही. जेठ्या गड्ड्यावरून सारे वाण ओळखतात, यात अवघड ते काय?

दुसरी ‘कयाधू’ही एके दिवशी निवृत्त झाली. तेव्हा नव्या नौकेला ते नाव द्यायचे कोणाच्या मनात नव्हते. भंगाराच्या ढिगात घंटाही जाणार, हे पाहून कप्तानाने वरिष्ठांची परवानगी काढली आणि ती नरसिंगच्या हाती दिली. म्हणाला, नदीचे नाव नदीकाठी ठेव. नरसिंगने शब्द दिला, की नाव पुन्हा पाण्यात उतरले की घंटा त्या नौकेच्या दारात आणून पोचवीन. बक्षीस नव्हे ते, ठेव. या दोन शब्दांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने केशरबाईच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवू नये.

मग पूर आला. नरसिंग तेव्हा दुसऱ्या जहाजावर, दूर कुठे तरी समुद्रात. कयाधूचे पाणी आधी सखल भागातल्या बौद्ध वस्तीत शिरले. गावकऱ्यांनी मोठ्या मनाने वस्तीतली भांडीकुंडी मारुतीच्या उंच चौथऱ्यावर नेऊन ठेवू दिली. भांड्यांना विटाळ नव्हता. माणसे मात्र शाळेच्या पडवीत भिजत उभी राहिली. पाणी ओसरले, प्रत्येकाने आपापले सामान उचलले, आणि केशरबाई आपले उचलायला गेली तेव्हा घंटा देवळाच्या तुळईला टांगलेली. हनुमंतराव पोले त्या वेळी गावचे कारभारी. त्यांनी जाहीर केले, की ही घंटा गाळातून निघाली, नदीमायने दिली. पितळेवर अक्षरे कोरलेली होती, ‘भा.नौ.पो. कयाधू’, आणि खाली एक साल. हनुमंतरावांना त्या अक्षरांचा अर्थही लगेच लागला. भा.नौ.पो. म्हणजे भानुदास नौबतराव पोले, आपले वडील; त्यांनीच कधीकाळी कयाधूमातेला वाहिलेली घंटा पुराने वर आणून दिली. सालाचा मेळ बसेना म्हणून सालावर शेंदूर फासला. दरवर्षी शेंदराचा एक थर चढत गेला. नदीच्या नावाची युद्धनौका, तिची घंटा, आणि गावाने तिची देवी करून टाकली.

नरसिंग सुटीवर आल्यावर मागायला गेला. देवाला दिलेले परत मागतोस काय, असे त्याला विचारले गेले. भट्टीच्या धगीत राहून राहून तो माणूस थंड झाला होता. म्हणाला, वेळ आली की नेईन. वेळ येण्याआधी तो गेला, आणि शब्द केशरबाईच्या पदरात टाकून गेला.

ती वेळ आता आली होती.

मुलगा रत्नपाल हिंगोलीला शिक्षक, त्या दिवशी गावी आलेला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि चष्मा पुसत पुसत आईला समजावू लागला. जुने उकरून काढून काय मिळणार, गावात राहायचे आहे, माणिकराव आता जिल्ह्यात वजन राखून आहेत. नौदलाला सांगू, घंटा पुरात वाहून गेली. केशरबाईने त्याला बोलू दिले. पुरते बोलू दिले.

“रत्नपाल,” ती म्हणाली, “तुझ्या बापानं शब्द दिला तवा पुराला इचारून दिला न्हवता. तू हिंगोलीला जा. पोरं शिकव. त्यांला खोटं बोलाया नको शिकवू म्हंजे झालं.”

रत्नपाल हिंगोलीला गेला नाही. पण माणिकरावांच्या दारी आईसोबत जायलाही तो उठला नाही, आणि ती एकटी गेली.

माणिकराव म्हणजे हनुमंतरावांचे चिरंजीव. वेशीपाशी उभे राहून ते एक भलामोठा बॅनर बांधून घेत होते. नव्या जहाजाची बातमी त्यांनाही लागली होती, आणि बातमीचा उपयोग कसा करायचा हे त्यांना वडिलांनीच शिकवले होते. ‘आमच्या कयाधूमातेच्या नावाने देशाची युद्धनौका’, असा मजकूर. खाली माणिकरावांचा फोटो, आणि त्यांच्या मिशीपेक्षा थोडे लहान असे एक जहाज. केशरबाईने वर मान करून पाहिले. जहाजाच्या पाठीवर विमाने उभी होती आणि झेंडा दुसऱ्याच कुठल्या देशाचा होता.

“माणिकराव, ह्ये जहाज कुनाचं?”

“आपलंच की, केशरमाय. कयाधू.”

“आपलं विमानं वाहत न्हाई. तिचा वर्ग येगळा हाय. म्हशीच्या फोटूखाली घोडी लिवली तर ती दौडती काय?”

बॅनर बांधणारे हसले. माणिकरावही हसले, पण उशिरा. मग त्यांनी केशरबाईला खुर्ची मागवली आणि फार आदराने सांगितले, की शनिवारी मारुतीपुढे कार्यक्रम आहे, घंटेच्या इतिहासाची पाटी लावायची आहे आणि नरसिंगकाका नौदलात होते म्हणून तिचाही शाल-नारळ देऊन सत्कार करायचा आहे. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे. केशरबाई बसली नाही. तिने उभ्यानेच सांगितले, की घंटा नरसिंगची ठेव आहे, नव्या जहाजावर पोचवायची आहे, ती शनिवारच्या आत काढून द्यावी.

माणिकरावांचा आदर तिथल्या तिथे आटला. म्हणाले, लोखंड भंगारात गेले, आता घंटेचे काय लोणचे घालायचे आहे? आणि तुमचा देवावर विश्वास नाही, मग देवळातली वस्तू मागायचा तुम्हाला अधिकार काय?

“ज्या देवळात मला जायाचं न्हाई, तितं माझी घंटा काय करून राह्यली, त्ये सांगा.”

माणिकराव बॅनरकडे वळले आणि दोरी ढिली बांधली म्हणून माणसांवर खेकसले.

घरी येताना केशरबाईच्या पायांना संताप चालवत होता. चोरी तिला सोसवली असती. चोर कुठल्या गावी नसतात? तिला सोसवत नव्हते ते नाव. ज्या अक्षरांसाठी नरसिंगने हात भाजून घेतले, त्या अक्षरांत कोणी आपला बाप बसवला होता. आणि तो बाप तरी खरा होता काय? ही शंका मनात आली आणि ती रस्त्यातच थांबली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना भानुदास पोले आठवत होते. त्यांच्या बापाला मात्र कोणी कधी नौबतराव म्हटल्याचे तिने ऐकले नव्हते. नौबत कुठली वाजवणार? ते धनगराचे घर, मेंढरांवर वर आलेले. त्याचे खरे नाव ठाऊक असलेले एकच माणूस आता हयात होते, आणि त्या माणसाला ते नाव उच्चारायची बंदी होती.

शनिवारी चौथऱ्यापुढे मांडव पडला. पाटीवर पिवळे कापड झाकलेले. पहिल्या रांगेत माणिकरावांची आई चंद्रभागाबाई, केशरबाईपेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली, डोईवरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून बसलेली. तिच्या शेजारची खुर्ची केशरबाईसाठी. केशरबाई आली, खुर्चीत न बसता चौथऱ्याच्या पायरीखाली उभी राहिली. तिच्यामागे बऱ्याच अंतरावर रत्नपालही येऊन उभा राहिला, आणि तेवढ्याने तिचे अर्धे ओझे उतरले, तरी तिने मागे वळून पाहिले नाही.

माणिकरावांनी भाषण केले. आजोबांचे औदार्य, पणजोबा नौबतरावांचा दरारा, निजामाच्या दरबारी त्यांचा मान, असे सगळे त्यात आले. मग त्यांनी पाटीवरचे कापड ओढले आणि मोठ्याने वाचून दाखवले: कै. भानुदास नौबतराव पोले यांनी कयाधूमातेस अर्पण केलेली ऐतिहासिक घंटा. टाळ्या पडल्या. शाल हातात घेऊन त्यांनी केशरबाईला वर बोलावले.

शाल खाली ठेवा, असे केशरबाईने सांगितले. मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती माणिकरावांना नाही. मग ती पहिल्या रांगेकडे वळली.

“चंद्रभागाबाई, तुमच्या सासऱ्याच्या बापाचं नाव काय व्हतं?”

जुन्या वळणाच्या घरात सून सासऱ्याचे नाव घेत नाही, आजेसासऱ्याचे तर मनातही आणत नाही. त्या नावाचा महिना असला तर महिन्यालाही ती दुसरा शब्द वापरते. माणिकरावांना हे ठाऊक होते, म्हणून ते निर्धास्त हसले.

“आमच्या घरच्या बाया थोरल्यांची नावं घेत न्हाईत, केशरमाय. तुमच्यात त्यो रिवाज राह्यला न्हाई, त्याला आमी काय करावं?”

“व्हय, राह्यला न्हाई,” केशरबाई म्हणाली. “आमच्यात बाया नावं घेत्यात, म्हून कुनाला ती बदलता येत न्हाईत. तुमच्यात बायांनी तोंड उघडायचं न्हाई, म्हून गड्यांनी पायजे त्यो बाप करून घेतला.”

एवढे बोलून ती पायरीखालीच उभी राहिली. घाई नव्हती तिला. सखू पाटलाच्या दारात बसली होती, तेव्हा तिलाही नव्हती.

चंद्रभागाबाईने पदर किंचित मागे घेतला. तिला वाचता येत नव्हते, पण पाटी कुठे आहे ते दिसत होते. तिच्या ओठांना कंप होता, आणि पाहणाऱ्यांना आधी वाटले की म्हातारी रडते आहे. ती रडत नव्हती.

“मल्हारी,” ती म्हणाली.

माणिकराव घाईने पुढे झाले. आईला ऊन लागले आहे, पाणी आणा, असे काहीसे म्हणाले. चंद्रभागाबाईने हात वर केला, तसे ते जागच्या जागी थांबले. केव्हाही थांबले असते. गावाचे कारभारी असले तरी त्या हाताखाली वाढलेले.

“मल्हारी व्हतं त्येचं नाव. मेंढरं राखायचा. मी लगीन होऊन आले तवा आंधळा झालता, पन मेंढरू बोलल्यावर सांगायचा, ही अमकीची पोर, ती तमकीची. त्येच्या मेंढरांवर ह्ये घर उभं हाय. भानुदास मल्हारी पोले. नौबतराव आमच्या घरात कुनी जल्मलाच न्हाई.” तिचा आवाज चढला. “माझ्या मालकानं ह्ये सोंग काढलं, मी जीभ आवळून बसले. आता तू दगडावर कोरतूस? मेंढरं राखनाऱ्या पंज्याची लाज वाटती तुला?”

मागून कोणी तरी विचारले, मग भा.नौ.पो. म्हणजे काय?

“भारतीय नौसेना पोत,” केशरबाई म्हणाली. “पोत म्हंजे जहाज.”

माणिकरावांनी शेवटचा प्रयत्न केला. नाव काही असो, घंटा इतकी वर्षे देवाच्या सेवेत आहे, आता ती देवाची. यावर चंद्रभागाबाईने, देवाला चोरीचे चालत असते तर घरोघर चोरच पुजले असते, असे सुनावले आणि प्रभू गुरवाला घंटा उतरवायला सांगितली. प्रभूने माणिकरावांकडे पाहिले, मग म्हातारीकडे पाहिले आणि शिडी आणली.

घंटा केशरबाईच्या पुढ्यात आली. तिने ती उलटी करून आत पाहिले. आतला लोलक जहाजावरचा नव्हता. लोहाराकडून घडवून घेतलेला जाड गज होता. मूळचा लोलक पितळी, खाली नरसिंगने स्वतः विणलेली पांढरी दोरी. तो कुठे आहे, असे तिने विचारले. एवढ्याशा पितळेसाठी आता काय, असे माणिकराव पुटपुटले. केशरबाई पायरीवर बसली.

“आर्धी ठेव मी नेत न्हाई.”

चंद्रभागाबाईलाच आठवले. दोरी केव्हाच कुजून गेली, पण पितळी दांडा घरात आहे, सुना त्याने लसूण ठेचतात. मांडवात हशा पिकला. केशरबाई तेवढी हसली नाही. पोल्यांच्या सुनेने लोलक धुऊन आणून तिच्या हाती दिला, तेव्हाही त्याला लसणाचा वास येत होता, आणि त्या वासाने केशरबाईच्या मस्तकात नव्याने तिडीक गेली. बॉयलरपुढच्या माणसाची ठेव, आणि पोल्यांच्या घरी तिचा लसूण ठेचायला उपयोग. पण ती उठली. उठताना तिने चंद्रभागाबाईकडे पाहिले. दोघींनी एकमेकींना हात जोडले नाहीत, नुसती मान हलवली. माणिकरावांच्या हातातली शाल तशीच राहिली.

शेंदूर काढायला चिंच लागली, राख लागली आणि रत्नपालचे दोन रविवार लागले. ‘धू’च्या उकारात एक लाल रेघ अडकून राहिली, ती काही केल्या निघेना. केशरबाईने नवी दोरी मात्र स्वतः वळली. खलाशांची गाठ तिला येत नव्हती, तिने मेंढरांच्या दाव्याची गाठ घातली. ती अधिक पक्की असते.

मुंबईच्या गोदीत नवी ‘कयाधू’ उभी होती, राखाडी, टोकदार, जुनीच्या दुप्पट. शेजारच्या धक्क्यावर तिच्याच घाटाची दुसरी नौका अजून सांगाड्यात होती. कुरियनने बोट दाखवून सांगितले, की या खेपेला आपली नौका पहिली. मागून येणाऱ्या साऱ्या बहिणी कयाधू वर्गाच्याच म्हणवतील. नरसिंगची खंत मिटली, असे केशरबाईच्या मनात आले, आणि ते पाहायला तो नाही याबद्दल तिला कोणावर रागवावे ते कळेना. म्हणून ती हनुमंतरावांवर रागावली. मेलेल्या माणसावर रागावायला काही मनाई नसते.

कप्तान तरुण होता, साताऱ्याकडचा, मराठी बोलणारा. त्याने घंटा दोन्ही हातांत घेतली, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि लाल रेघेपाशी थांबून तिच्याकडे पाहिले. त्याने विचारले, आजी, कोणाच्या नावाने नोंद करू?

“नरसिंग लक्ष्मण खिल्लारे. बॉयलर रूम. ठेव व्हती, परत आनली.”

त्याने सांगितले, की नौदलाने तिच्यासाठी स्मृतिचिन्ह आणले आहे, समारंभात द्यायचे आहे. केशरबाईने ते नाकारले. ठेव परत करणाऱ्याने बक्षीस घेतले, की ती ठेव राहत नाही, सौदा होतो.

खलाशांनी घंटा डेकवरच्या कमानीत अडकवली. एकाने दोरी धरून टोला दिला. केशरबाईने तो शेवटपर्यंत, विरून जाईपर्यंत ऐकला.

“पोचली म्हना,” ती कप्तानाला म्हणाली.

“पोचली, आजी.”

“पुरी?”

त्याने घंटा पाहिली, लोलक पाहिला, दोरी पाहिली, आणि टाच जुळवून तिला सलाम केला.

“पुरी पोचली.”